लाइन बिझी होती

टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा पाडण्याआधी महिनाभर तिथे जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवायची टूम निघाली. टूम काढली ती निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी. या गृहस्थांना जुन्या वस्तूंचं भलतं वेड. काळे जड फोन, बोट घालून फिरवायच्या तबकड्या, तारा पाठवायची यंत्रं, नाणं टाकून बोलायच्या पेट्या, सगळं त्यांनी लोकांच्या माळ्यांवरून आणि भंगारवाल्यांच्या हातापाया पडून गोळा केलं होतं. ट्रंक कॉलचा, म्हणजे परगावचे फोन जोडायचा, जुना स्विचबोर्डही त्यांनी झाडूनपुसून पुन्हा उभा केला. पुरुषभर उंचीचा लाकडी बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, खालच्या फळीवर टोकाला पिना असलेल्या दोऱ्या. सगळं जागच्या जागी लागलं, पण बोर्डासमोरची खुर्ची रिकामी बघून साहेबांना चैन पडेना. तेव्हा त्यांना हॅलोबाईंची आठवण झाली.

हॅलोबाई हे अर्थातच नाव नव्हे. बावीस वर्षं त्या याच बोर्डावर होत्या, आणि बोर्ड बंद पडल्यावर पुढे निवृत्तीपर्यंत चौकशीच्या टेबलावर. घरचा फोनही त्या अशा काही 'हॅलो'ने उचलायच्या की समोरच्याला आपण चुकून कचेरीतच फोन लावला असं वाटायचं. गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक धाकटी बहीण दुसऱ्या गावात, आणि वय सदुसष्ट.

"तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं," साहेब म्हणाले. "कानाला हेडफोन लावायचा, लोक विचारतील ते सांगायचं. गोड गोड आठवणी हो. लोकांना तेच हवं असतं."

हॅलोबाईंनी आधी नको म्हटलं. मग दोन दिवस विचार केला, आणि घरात भिंतींशी तरी किती बोलायचं, असं म्हणून हो म्हटलं.

पहिला आठवडा मजेत गेला. लोक झुंबड करून यायचे. बोर्डावरचं छोटं झाकण टपकन पडलं की कुणीतरी फोन करतंय हे कसं कळायचं, पीन कुठे खुपसायची, तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून "वाढवायचा का?" असं कसं विचारायचं, हे त्या करून दाखवायच्या. किस्सेही रंगवून सांगायच्या. एक आजोबा फोन लागला की आधी खिशातला कंगवा काढून केस विंचरायचे. एक नवी नवरी नवऱ्याला फोन जोडून मागायची आणि तीनही मिनिटं नुसती हुंदके द्यायची. नवरा पलीकडून "बोल की, बोल की" करायचा. लोक खो खो हसायचे आणि मग हटकून कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणायचं, "काय दिवस होते. तेव्हा माणसं वाट बघायची. वाट बघण्यातसुद्धा गोडी होती."

हे वाक्य आलं की हॅलोबाई हातातली दोरी उगाच सारखी करत बसायच्या. लोक कॉल नोंदवायचे तो काउंटर आणि बोर्डाची खोली यांच्यामध्ये तेव्हा काच होती. वाट बघणाऱ्यांचे चेहरे त्यांनी त्या काचेतून बावीस वर्षं पाहिले होते. गोडी कुणाच्या चेहऱ्यावर दिसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी गर्दी पांगल्यावर एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी, चालणं जरा दबकत. बाकीच्या यंत्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ बोर्डापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जुन्या ऑपरेटर तुम्हीच का?"

"हो. बसा ना."

त्या स्टुलावर टेकल्या. आपली ओळख त्यांनी साधीच करून दिली. नवरा कारखान्यात फिटर होता, आता घरीच असतो, म्हणून इमारतीत सगळे त्यांना फिटरकाकू म्हणतात. मग पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत म्हणाल्या, "मला एक विचारायचंय ताई. तुम्हाला खुळेपणा वाटेल."

"विचारा की."

"तेव्हा अर्जंट कॉल लागायला साधारण किती वेळ लागायचा?"

"गावावर असायचं ते. वीस मिनिटं, अर्धा तास. का हो?"

फिटरकाकूंनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी साडेबाराला घरी तार आली, सासूबाई अत्यवस्थ आहेत, या नंबरावर फोन करा. खाली हॉस्पिटलचा नंबर. नवरा कारखान्यात. काकू तेव्हा बावीस वर्षांच्या, पदरात सात महिन्यांची तापलेली मुलगी. तिला औषध पाजलं, तिचे कपडे बदलले, शेजारणीची वाट बघितली, तिच्याकडे मुलीला दिलं आणि मग कारखान्याकडे पळाल्या. यात अर्धा तास गेला. दोघं एक्स्चेंजवर पोचले, सव्वा वाजता कॉल नोंदवला. तो लागला दोन वाजून वीस मिनिटांनी.

"आणि आमच्या सासूबाई गेल्या दोन वाजून दहा मिनिटांनी," काकू म्हणाल्या. "दिरांनी त्यांची कॉट ओढून फोनपाशी, व्हरांड्यात आणून ठेवली होती. सारखं विचारत होत्या म्हणे, लागला का, लागला का. दहा मिनिटांनी चुकामूक झाली."

हॅलोबाईंचा हात दोरीवरून फळीवर आला आणि तिथेच राहिला.

"ह्यांनी मला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही," काकू पुढे म्हणाल्या. "पण अर्धा तास हा शब्द आमच्या घरात राहिला. स्वयंपाकाला उशीर झाला की, तुझा तो अर्धा तास. बस चुकली की, तुझा अर्धा तास. मुलीच्या लग्नात मी साडी नेसायला वेळ लावला, तर पाहुण्यांदेखत तेच. लोकांना कळायचं नाही, मला कळायचं. पेपरात वाचलं की जुन्या ऑपरेटर इथे भेटतात. म्हटलं, एकदा जाणत्या माणसाला विचारावं. मी ताबडतोब निघाले असते तर लागला असता ना हो तो फोन?"

हॅलोबाईंच्या तोंडून जे वाक्य निघालं ते बावीस वर्षांच्या सवयीचं होतं. "लाइन बिझी असायची हो तेव्हा. कुणाच्या हातात काही नसायचं."

आणखी काही येत नाही असं बघून काकू उठल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. जाताना मात्र, नोंदवहीत सही करा असा साहेबांनी आग्रह धरला म्हणून, त्यांनी वहीत पत्ता लिहिला.

एकेचाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवायला हॅलोबाईंना कुठली वही बघायची गरज नव्हती. त्या गावाकडे दोनच लाइनी होत्या, आणि त्यातली एक सकाळपासून मेली होती. सुपरवायझर जेवायला गेले होते. फिटरची अर्जंटची चिठ्ठी त्यांच्या समोरच्या खिळ्याला टोचलेली होती. आणि एक वाजून तेवीस मिनिटांनी त्या उरलेल्या एकाच लाइनीवरून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं लग्न होऊन चार महिने झाले होते. शेजारच्या डॉक्टरांकडून तिने चोरून फोन लावला होता आणि ती रडत होती. मला इथे राहायचं नाही, मला घेऊन जा. हॅलोबाई तिला समजावत राहिल्या. दोनच मिनिटं, असं स्वतःला सांगत राहिल्या. काउंटरवरच्या कारकुनाने दोनदा काचेवर टकटक करून त्या हॉस्पिटलच्या कॉलचं काय झालं म्हणून विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी हाताने खूण केली, लाइन बिझी आहे. बिझी होतीच की. काचेपलीकडे कारखान्याच्या निळ्या कपड्यातला एक माणूस उभा होता आणि त्याच्यामागे, त्याच्यापासून हातभर लांब, एक पोरसवदा बायको. बहिणीने शेवटी डोळे पुसले आणि फोन ठेवला तेव्हा दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती. पंचावन्न मिनिटं. हॅलोबाईंनी झटक्यात हॉस्पिटल जोडून दिलं. जोड नीट लागला की नाही ते ऑपरेटरला ऐकावंच लागायचं. त्यांनी ऐकलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आई गेली रे. आत्ताच."

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फिटर पुढे कधी रस्त्यात दिसला तर त्या समोरच्या फुटपाथवर जायच्या. वर्षं गेली तसं ते दुःख त्या माणसाचं आणि चूक आपली, एवढाच हिशेब त्यांच्या मनात राहिला होता. त्या चुकीचं ओझं भलतंच कुणी वाहत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन केला. आता बहिणीला दोन नातवंडं होती आणि मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"तुला तो फोन आठवतो का गं? लग्नानंतरचा, डॉक्टरांकडून केलेला? तासभर रडत होतीस."

"कुठला गं?" बहीण म्हणाली. "तेव्हा मी दर आठ दिवसांनी रडत होते. का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"तू बरी आहेस ना ताई?"

"बरी आहे," हॅलोबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. ज्या पंचावन्न मिनिटांपायी एका घराचा संसार कडू झाला, ती पंचावन्न मिनिटं जिच्यासाठी खर्ची घातली तिला ती आठवतसुद्धा नव्हती.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना आज येत नाही म्हणून कळवलं, नोंदवहीतून उतरवून घेतलेला पत्ता काढला आणि निघाल्या.

दार काकूंनीच उघडलं. "अगंबाई, तुम्ही," म्हणत त्यांनी आत घेतलं. बाहेरच्या खोलीत फिटरकाका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "ऐकू येत नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "कारखान्याच्या आवाजाने कान गेले. मशीन आणलंय कानाचं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत ठेवलंय."

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहूनच हॅलोबाईंनी सांगितलं. आधी बसल्या असत्या, पाणी घेतलं असतं, तर सांगणं झालं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. काकूंनी गॅस बंद केला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "परत सांगा." हॅलोबाईंनी परत सांगितलं. बहीण, एकच लाइन, खिळ्याची चिठ्ठी, वेळा.

"म्हणजे मी साडेबाराला उडत गेले असते तरी?"

"लवकर आला असतात तर बहिणीचा फोन येण्याआधी कदाचित लागला असता, नाही असं म्हणत नाही," हॅलोबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं नाही हे त्या ठरवून आल्या होत्या. "पण तुम्ही आलात तेव्हाही वेळ होता. भरपूर होता. मी तो घालवला."

काकूंनी हात पदराला पुसले. "हे मला नका सांगू. त्यांना सांगा."

दोघी बाहेरच्या खोलीत आल्या. काकांच्या समोरच्या खुर्चीत बसून हॅलोबाईंनी आपल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. ज्या आवाजाची सगळं गाव तारीफ करायचं, तो मऊ, स्वच्छ आवाज.

"काय?" काका म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला.

"काय म्हणताय? मोठ्याने बोला."

बावीस वर्षांत हॅलोबाईंनी बोर्डावर कधी आवाज चढवला नव्हता. आता त्या ओरडल्या. मी ऑपरेटर होते, तुमच्या आईच्या वेळी. लाइन बिझी नव्हती. मीच बोलत होते. माझ्या बहिणीशी. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. जिन्यात कुणीतरी थबकलं. त्यांचा आवाज चिरकला, पण काका कानामागे हात धरून पुढे झुकले होते आणि त्यांना शब्द न् शब्द हवा होता.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"पंचावन्न मिनिटं."

काकांनी पेपराची घडी केली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उघडून पुन्हा केली. ओठ हलत होते. ते मनात वेळा मांडत होते. "म्हणजे आम्ही आलो तेव्हा," ते म्हणाले, "तेव्हा आई होती. हिचा अर्धा तास धरूनसुद्धा होती."

"हो."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. काका घसा खाकरून बायकोला म्हणाले, "बाईंना चहा टाक."

काकू जागच्या हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा म्हटलं, जरा हळू. तरी त्या हलल्या नाहीत. मग हॅलोबाईच उठल्या, चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरल्या.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी फिटरकाका तिथे येऊन धडकले. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं, दाढीचे खुंट वाढलेले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते बोलले तेव्हा सगळा हॉल वळून बघायला लागला.

"ती मुलीकडे गेली. दहा दिवस झाले. पिशवी भरली आणि गेली."

हॅलोबाई खुर्चीतून उठल्या.

"एकेचाळीस वर्षं गप्प बसलात ना? आणखी चार वर्षं बसला असतात. आमचं कसंबसं चाललं होतं."

ओरडून बोलायची ताकद आता हॅलोबाईंत उरली नव्हती. त्यांनी फळीवरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, चूक माझी होती. काकांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला.

"ते कळलं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज जरा उतरला होता. "मी तिला काय म्हणू, ते लिहा."

हॅलोबाईंनी पेन हातात धरलं, पण कागदावर काही उतरलं नाही. लोकांची लग्नं, मयती, नोकऱ्या, भांडणं, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं. कुणी कुणाला काय म्हणावं हे मात्र त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. काका थोडा वेळ वाट बघून निघून गेले.

इंजिनिअरसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, घरचं काही असेल तर माझी हरकत नाही. पण इथे नको हो. लोक इथे बरं वाटावं म्हणून येतात."

"बरोबर आहे तुमचं," हॅलोबाई म्हणाल्या. हेडफोन काढून त्यांनी फळीवर ठेवला. प्रदर्शन संपायला अजून दोन तास होते, पण त्या थांबल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात इमारतीभोवती पत्रे लागले. बोर्ड साहेबांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये हलवला म्हणे. हॅलोबाई तो बघायला गेल्या नाहीत.

महिनाभराने त्या फिटरकाकूंच्या मुलीच्या गावी गेल्या. मुलीचा नंबर काकूंच्या इमारतीतल्या शेजारणीने दिला होता. येऊ का, असं आधी विचारलं, तर काकूंनी "या" म्हटलं होतं, एवढंच. बसने दोन तास लागले. घर नव्या वसाहतीत होतं. गॅलरीत चटई टाकून काकू मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी "या" म्हटलं, पण उठल्या नाहीत. हॅलोबाई गुडघे सांभाळत चटईच्या कडेला बसल्या.

"राग आहे का माझा?" त्यांनी विचारलं.

"आहे," काकू म्हणाल्या. "तुमचा आहे. त्यांचा त्याहून जास्त आहे. आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त माझा मलाच आहे. पोरगी तापाने फणफणली होती हो. तिला तशीच टाकून जायला हवं होतं का मी? पण एकदाही तसं म्हटलं नाही. मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटायचं, माझ्यामुळे एक बाई मुलाचा आवाज न ऐकता गेली, तर एवढं ऐकून घेणं माझ्या वाट्याला आलंच."

"मला माफ..."

"ते नका मागू," काकूंनी मध्येच थांबवलं. आवाजात धार नव्हती. "आज तरी देता येईल असं वाटत नाही. उगाच तोंडदेखलं म्हणायचं कशाला."

आत घरात नात शाळेची कविता घोकत होती.

"दर रविवारी येतात ते," काकू आपणहून म्हणाल्या. "एवढ्या लांब, बसने. पहिल्या रविवारी पत्ता सापडेना तर दुपारभर हिंडले. मुलीच्या घरी कधी आलेच नव्हते ना. येतात, सोफ्यावर बसतात. कानात मशीन घालून येतात आता, शिट्ट्या मारत असलं तरी. जावई बोलतो त्यांच्याशी. मी बाहेर येत नाही."

"परत जाल?"

"ठरवलं नाही." काकूंनी एक शेंग फोडली, आतले दाणे किडके निघाले, ती बाजूला टाकली. "मुलगी विचारते, शेजारी विचारतात. सगळ्यांना घाई आहे. मला नाही."

गॅलरीतलं ऊन सरकून चटईवर आलं. काकूंनी वर बघून विचारलं, "तुमची बस कितीची?"

"साडेचारची."

"मग आहे अजून वेळ," त्या म्हणाल्या, आणि शेंगांचा अर्धा ढीग त्यांनी हॅलोबाईंच्या पुढ्यात सारला.